उघडणावळ

अमेरिकेतल्या सिएटल बंदराच्या ९१ क्रमांकाच्या धक्क्यावर, अलास्काच्या जहाजावर चढण्यासाठी लागलेली, आमच्या पुढची रांग संपली आणि नानांनी आपली कापडी पिशवी एक्स-रे यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली. पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, चष्म्याचे घर होते, शेंगदाण्याच्या चिक्कीचा पुडा होता आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, शेनिन ब्लां नावाच्या पांढऱ्या वाइनची एक बाटली होती. नाना माळकरी आहेत. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी पस्तीस वर्षांत उतरवलेली नाही आणि ओठाला दारूचा थेंब लावलेला नाही. पडद्याकडे पाहणाऱ्या मुलीने बाटलीचा आकार ओळखला, हसून मान हलवली आणि पिशवी पुढे ढकलली. नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पास झाली."

माळकऱ्याच्या पिशवीत वाइनची बाटली कशी आली, याचे उत्तर जहाजाच्या नियमात होते. अमेरिकेतून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या प्रवासी जहाजांवर एकवीस वर्षांवरील प्रत्येक प्रवाशाला, फक्त पहिल्या दिवशी चढताना आणि फक्त हातातल्या सामानात, ७५० मिलिलिटरची एक बंद बाटली नेता येते. बिअर किंवा व्हिस्की चालत नाही. परवानगी फक्त वाइनला किंवा शॅम्पेनला. आम्ही चौघे प्रौढ होतो, म्हणजे चार बाटल्यांचा कोटा होता, पण पिणारे दोघेच. आपल्या वाट्याची बाटली आपल्या हाताने न्यायची आईने साफ नाकारली आणि त्या प्रश्नावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही. नाना मात्र बाटली उलटसुलट करून पाहत राहिले, मागच्या लेबलवर नाशिकचे नाव वाचले आणि म्हणाले, "ही मी नेतो. माझ्या शिवारातली नसली तरी शेजारच्या शिवारातली असेल."

ही बाटली त्यांनीच भारतातून आणली होती; म्हणजे माझ्या चुलतभावाने बळेच त्यांच्या बॅगेत कोंबली होती. नानांनी दिंडोरी तालुक्यात सहा-सात वर्षे वाइनची द्राक्षे पिकवली. खाण्याच्या द्राक्षासाठी मणी फुगवायचा, लांब करायचा, काचेसारखा दिसायला हवा म्हणून घड संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, बुडवायचे, हे सगळे शिकलेल्या माणसाला लहान मण्याचे, जाड सालीचे, बियांचे द्राक्ष मुद्दाम पिकवायला सांगणे म्हणजे चांगल्या सुताराला वाकडी खुर्ची करायला सांगण्यासारखे होते. तरी त्यांनी ते केले. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी आणि तोडणीआधी साखर मोजायला येणारा कारखान्याचा माणूस, असे ते वेळापत्रक होते. २००८च्या मंदीनंतर आणि त्याच वर्षी मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर हॉटेलांतली वाइनची विक्री घसरली, टाक्या भरून राहिल्या आणि करार केलेली द्राक्षे उचलायला कोणी येईना. २०१०मध्ये नानांनी वेली मुळापासून काढल्या आणि पुन्हा खाण्याची थॉम्सन द्राक्षे लावली. ज्या मालापासून काय होते ते त्यांनी कधी चाखले नव्हते, त्याचा त्यांना रागही नव्हता आणि लोभही. एखाद्या लांबच्या सोयऱ्याविषयी असावे तसे काहीसे होते.

आमच्या सामानात नानांच्या बाटलीखेरीज वॉशिंग्टन राज्याच्याच दोन बाटल्या होत्या, एक पांढरी रिसलिंग आणि एक लाल मर्लो. मला हिशोब करण्याची खोड आहे आणि जहाजावर पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाइनची यादी हाती आल्यावर मी तो सुरू केला, कारण माझी रिसलिंग जशीच्या तशी त्या यादीत होती. घराजवळच्या दुकानात मी तिला बारा डॉलर मोजले होते. यादीत तिची किंमत अडतीस डॉलर होती आणि त्यावर अठरा टक्के सेवाशुल्क, म्हणजे चव्वेचाळीस डॉलर चौऱ्याऐंशी सेंट. माझी बाटली मी जेवणघरात आणून उघडायला सांगितली असती तर पंधरा डॉलर 'कॉर्केज' द्यावे लागले असते, म्हणजे एकूण सत्तावीस. खोलीत बसून, आंघोळघरातल्या काचेच्या पेल्यात प्यायली असती तर फक्त बारा, कारण आमच्या जहाजावर खोलीतल्या बाटलीला शुल्क नव्हते. आणि पेल्याने मागवली असती तर एका पेल्याचे अकरा डॉलर, सेवाशुल्क धरून तेरा. बाटलीत दीडशे मिलिलिटरचे पाच पेले बसतात, तेव्हा तीच बाटली पासष्ट डॉलरांना पडली असती. एकच वाइन, एकच जहाज आणि बारापासून पासष्टपर्यंत चार दर. फरक द्राक्षात नव्हता. ती कोणी आणली, कुठे बसून प्यायली आणि किती एकदम मागवली, एवढाच होता.

पाचवा दर म्हणजे 'पॅकेज'. दिवसाला सत्तर डॉलर आणि वर सेवाशुल्क असे साडेब्याऐंशी भरायचे आणि हवे ते प्यायचे. सोय मोठी वाटते. पण सात दिवसांचे पावणेसहाशे डॉलर होतात आणि खोलीतल्या एका प्रौढाने पॅकेज घेतले तर दुसऱ्यालाही घ्यावेच लागते. दिवसाला साडेसहा पेल्यांच्या खाली ते परवडत नाही. सकाळी साडेसातला हिमनदी बघायला डेकवर उभा राहणारा माणूस दिवसात साडेसहा पेले कधी संपवणार, हा प्रश्न मी बायकोला विचारला तेव्हा तिने यादी मिटवली आणि म्हणाली, "तू आधी जेव."

कंपन्यांचा हा सगळा खटाटोप का, हे मात्र समजण्यासारखे आहे. या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक हिशोबात उत्पन्नाचे दोन ठळक रकाने असतात, एक तिकिटांचा आणि दुसरा जहाजावरच्या इतर खर्चाचा, आणि हा दुसरा रकाना एकूण उत्पन्नाच्या साधारण तीस टक्क्यांच्या आसपास असतो. त्यात जुगारघर आहे, किनाऱ्यावरच्या सहली आहेत, मालिशघर आहे आणि बार आहे. स्वस्त वाटणारे तिकीट त्या रकान्याच्या जिवावर स्वस्त असते. एसटीचे तिकीट निम्मे करून वाटेतल्या ढाब्यावर जेवण दुप्पट करावे, तसाच हा प्रकार आहे. फक्त या ढाब्याच्या चारही बाजूंना पॅसिफिक महासागर असतो आणि पलीकडच्या टपरीवर चहा घेऊन येण्याची सोय नसते. प्रवाशाला एक बाटली आणू द्यायची, तीही वाइनचीच, हा त्या धंद्यातला छोटा तह आहे. सगळ्याच कंपन्या तो एकाच अटींवर करतात असे नाही. नॉर्वेजियनच्या जहाजांवर हव्या तितक्या बाटल्या आणता येतात, पण प्रत्येकीवर शुल्क बसते. डिस्नेच्या जहाजांवर बरीच वर्षे दर बंदराला दोन बाटल्या चालत. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर आपली बाटली आणायला शुल्क नाही, पण तिथले तिकीटच असे असते की बाटलीचा विचार करण्याची वेळ येऊ नये.

दुसऱ्या दिवशी जहाज खुल्या समुद्रात होते. संध्याकाळी नाशिकची बाटली घेऊन आम्ही जेवणघरात गेलो. सामन माशाचा तुकडा माझ्या ताटात होता; नाना आणि आईसाठी स्वयंपाकघराने आदल्या दिवशीच्या विनंतीवरून छोले आणि भात केला होता. वाइन वाढणारा तरुण फिलिपिन्सचा होता. त्याने बाटली दोन्ही हातांत घेतली, लेबल आमच्याकडे वळवले आणि "इंडिया?" असे म्हणताना त्याच्या भुवया उंचावल्या. मग तो बर्फाची बादली घेऊन आला, चार उंच पेले आणले, नानांच्या पुढचा पेला त्यांनी हाताने नको म्हटले तरी तिथेच ठेवला. पांढरा रुमाल मनगटावर टाकून त्याने कमरेच्या खिशातून बूच काढायचे मळसूत्र अर्धे बाहेर काढले, बाटलीच्या तोंडाकडे पाहिले आणि परत खिशात ठेवले. बाटलीला बूच नव्हतेच. धातूचे फिरकीचे झाकण होते. त्याने ते एका हाताने पिळले, कडक् असा छोटा आवाज झाला आणि काम संपले.

नाना हे सगळे फार लक्ष देऊन पाहत होते. चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी ती माझ्याआधी उचलली. "पंधरा डॉलर," ते म्हणाले. "कशाचे?"

"बाटली उघडायचे."

"त्यानं पिळलं तेवढ्याचे?"

"हो."

नानांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. "म्हणजे आपलाच माल, आणि हमाली, तोलाई, अडत सगळी आपल्याच गळ्यात. बाजार समिती इथंपण आहे म्हणायची."

मी हसलो, पण रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिले, कारण आपल्याकडे याच्या जवळचे शब्द आधीपासून आहेत. स्वतःचे सोने सोनाराकडे न्यावे आणि त्याला घडणावळ द्यावी. स्वतःचे गहू गिरणीत न्यावेत आणि दळणाचे पैसे द्यावेत. माल आपला आणि मजुरी दुसऱ्याची, या व्यवहारात मराठी माणसाला काही वावगे वाटत नाही. उलट गिरणीवाल्याने पीठ बदलले नाही ना, एवढीच चिंता असते. कॉर्केजला म्हणूनच 'उघडणावळ' म्हणावे, असे मी बायकोला सुचवले. पण नानांचा मुद्दा वेगळा होता. सोनार सोने घडवतो, गिरणी धान्य दळते. इथे त्या मुलाने झाकण पिळले. घडणावळीत काहीतरी घडावे लागते. अडतीत घडत नाही. अडत्याच्या ओट्यावर माल उतरवला, याचेच ते पैसे असतात.

मला दोन्ही बाजू दिसतात आणि माझा कौल थोडा जहाजाकडे झुकतो. पंधरा डॉलरांत झाकण पिळणे येते, हे खरेच. पण बर्फाची बादली येते, चार स्वच्छ पेले येतात, ते धुणारा माणूस येतो आणि उरलेल्या अर्ध्या बाटलीच्या मानेला खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून दुसऱ्या रात्री ती न सांगता टेबलावर आणून ठेवणारी व्यवस्था येते. दुसऱ्या रात्री आमची बाटली अशीच आली. मानेला दोरीने बांधलेली ती चिठ्ठी पाहून नानांना ओट्यावरच्या क्रेटला लावलेली, शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी आठवली आणि त्यांचा राग निम्मा गेला.

माझी तक्रार वेगळीच आहे. बारा डॉलरांची रिसलिंग घरून नेऊन वर पंधरा डॉलर भरणे, यात सतरा-अठरा डॉलर वाचतात हे गणित बरोबर आहे. पण ती रिसलिंग यादीत होतीच. पैसे वाचवायला म्हणून नेलेली बाटली सारखी पैशांची आठवण देत राहते. प्रत्येक घोटाला 'इथे हीच पंचेचाळीसला पडली असती' असे वाटून आपण खूश होतो आणि तिची चव घ्यायची राहून जाते. आमची रिसलिंग आणि मर्लो शेवटी खोलीतच संपली, बाल्कनीत कुडकुडत, आंघोळघरातल्या पेल्यांत. फुकटचे समाधान मिळाले, वाइन लक्षात राहिली नाही. यादीत मिळणारच नाही अशी बाटली असेल तर मात्र पंधरा डॉलर बिनतक्रार द्यावेत. नाशिकची शेनिन अलास्काच्या जहाजावर कोणत्याही किमतीला विकत मिळाली नसती.

आपले पेय आपण न्यायचे, या बाबतीत भारतातून कोणी फार मोठी मजल मारली असेल तर ती जयपूरच्या महाराजा सवाई माधोसिंह दुसरे यांनी. १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला जाताना समुद्रापारचे पाणी प्यायचे नाही, म्हणून त्यांनी चांदीच्या प्रचंड घागरी भरून गंगाजल बरोबर नेले. एकेका घागरीचे वजन सुमारे ३४५ किलो आणि तिच्यात सुमारे चार हजार लिटर पाणी. त्या घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात उभ्या आहेत. महाराजांना उघडणावळ पडली नाही, कारण 'ऑलिंपिया' हे आख्खे जहाजच त्यांनी भाड्याने घेतले होते. नानांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी तत्काळ विचारले, "आणि परतीला पुरलं का पाणी?"

अमेरिकेच्या किनाऱ्यावर जहाजातली बाटली हा एके काळी खरोखर कायद्याचा आणि परराष्ट्र व्यवहाराचा प्रश्न होता. १९२०पासून १९३३पर्यंत तिथे दारूबंदी होती. १९२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जहाजांनीही अमेरिकेच्या सागरी हद्दीत दारू बाळगायची नाही, मग ती सीलबंद का असेना. ब्रिटिश कंपन्यांना हे जमण्यासारखे नव्हते, कारण परतीच्या प्रवासात प्रवाशांना पाजायचे काय हा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत करार झाला: जहाजाने हद्दीत शिरताना दारू सील करून ठेवायची आणि त्या बदल्यात अमेरिकेच्या गस्ती नौकांनी चोरटी दारू शोधण्यासाठी किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरापर्यंत ब्रिटिश जहाजांची झडती घ्यायची. दारूबंदीच्याच काळात न्यूयॉर्कहून कुठेही न जाणारी जहाजे निघू लागली. हद्द ओलांडायची, बार उघडायचा, दोन दिवस पाण्यावर तरंगायचे आणि परत यायचे. आज जी सहल आपण निसर्ग पाहायला म्हणून करतो, तिच्या वाडवडिलांत ही तहानलेली मंडळीही आहेत, हे लक्षात ठेवले म्हणजे बारच्या यादीचा राग जरा कमी येतो.

चोरून नेणारेही अर्थात आहेत. तोंड धुण्याच्या औषधाच्या बाटलीत खाण्याचा हिरवा रंग घालून वोडका नेणारे, पाण्याच्या बाटलीचे सील बेमालूम परत चिकटवणारे, प्लास्टिकच्या चपट्या पिशव्या कपड्यांत पसरून ठेवणारे. २०१५मध्ये कार्निव्हल कंपनीने प्रवाशांनी बाटलीबंद पाणीसुद्धा आणू नये असा नियम केला, त्याला ही हुशारीच कारण होती. मला या लोकांचे कौतुक वाटत नाही. एका बाटलीची उघड परवानगी असताना आंघोळीच्या सामानातून आलेली, पुदिन्याच्या वासाची वोडका पिण्यात कसली मजा आहे?

स्कॅगवे, जुनो, केचिकन अशी अलास्कातली बंदरे झाली. शेवटच्या संध्याकाळी जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागले. तिथे जहाज थांबते ते प्रवाशांच्या हौसेपेक्षा कायद्यासाठी जास्त. अमेरिकेच्या १८८६च्या एका कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून निघून वाटेत एकाही परदेशी बंदराला न लागता परत अमेरिकेत प्रवासी उतरवता येत नाहीत, आणि ही मोठी जहाजे बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. आम्ही चार तास उतरलो. एका दुकानात नाना एका काचेच्या कपाटापुढे थांबले. निमुळती, निम्म्या आकाराची, ३७५ मिलिलिटरची बाटली होती. कॅनडातल्याच ओकानागन खोऱ्यातली आइसवाइन. मी त्यांना समजावले की द्राक्षे वेलीवरच ठेवतात, पारा उणे आठच्या खाली गेला की रात्री गोठलेली द्राक्षे तोडतात आणि तशीच दाबतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि फक्त दाट गोड रस निघतो.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की त्या पट्ट्यातले शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात, मणी तडकू नयेत म्हणून रात्र जागून काढतात. नानांनी अशा कितीतरी रात्री काढल्या आहेत. "उणे आठ," ते म्हणाले, "आणि मुद्दाम वाट बघतात?" मग त्यांनी स्वतःच्या खिशातून, मी नको म्हणत असताना, पैसे काढून ती बाटली घेतली. प्यायची नव्हतीच, गावात दाखवायची होती.

जहाजावर चढताना ती काढून घेतली गेली. पहिल्या दिवसानंतर आणलेली बाटली प्रवाशाकडे राहत नाही; टेबलामागचा माणूस ती घेतो, खोलीचा क्रमांक लिहितो, पावती देतो आणि प्रवास संपताना परत करतो. नानांनी पावती दोनदा वाचली आणि माळेजवळच्या खिशात ठेवली.

त्या रात्री दाराखालून सगळ्या खर्चाचा हिशोब सरकवला गेला. नाना पलंगाच्या कडेला बसले, चष्मा लावला आणि अडत्याकडून आलेली पट्टी वाचावी तसे एकेक ओळ बोटाने वाचत गेले. दोन कॉफ्या, जुनोची बस, आईचा शेकण्याचा मलम, आणि 'कॉर्केज, १५.००'. त्या ओळीवर बोट थांबले. "हे बरोबर आहे," ते म्हणाले आणि बोट पुढे नेले. तळाशी एक कॉफी जास्तीची लावलेली त्यांना सापडली. मी सोडून द्या म्हणालो, तर ते चपला घालून, कागद घेऊन, पाचव्या मजल्यावरच्या काउंटरकडे निघाले आणि लिफ्टपर्यंत जाऊन परत आले, कारण आइसवाइनची पावतीही बरोबर न्यायची राहिली होती.